तुम्ही विचारलंत म्हणून: नाडी लागते, मग अँजिओ कशाला?

"बंदुकीच्या गोळीची जखम भरलीय, पायाला नाडी लागतेय, मग सीटी अँजिओ कशाला?" वॉर्डातले डॉक्टर फोनवर विचारतात, नातेवाईक दारात विचारतात. सीटी अँजिओ म्हणजे रक्तात डाय सोडून सीटी स्कॅनमध्ये धमन्या उजळवून बघणं. घाईत माझं उत्तर अर्धवटच राहतं.

नाडी लागते म्हणजे रक्त खालपर्यंत पोचतं, एवढंच. गोळी नुसती जवळून गेली तरी भोवतालच्या मांसाला बसणाऱ्या ताणाने धमनीचं आतलं अस्तर फाटू शकतं. धमनी आणि शेजारची शीर, दोन्हींना छेद गेला तर धमनीतलं रक्त थेट शिरेत शिरतं. तोच एव्ही फिस्टुला. तो असतानाही नाडी लागू शकते.

मांडीतून गोळी आरपार गेलेला एक तरुण जवान काही महिन्यांनी माझ्यासमोर आला. पाय सुजलेला. शिरेत गुठळी आहे असं ठरवून दुसरीकडे रक्त पातळ करणारं औषध सुरू केलेलं. तो म्हणाला, "मॅडम, रात्री सगळं शांत झालं की मांडीत भुणभुण होते." हे त्याने आधीही सांगितलं होतं, कुठल्याच कागदावर नव्हतं. व्रणावर हात ठेवला तर खाली थरथर. डॉपलरमध्ये, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, शीर धमनीसारखी ठोके देत होती. धमनीला लागून एक पोकळी होती, तिच्या तोंडाशी रक्त आत-बाहेर करत होतं: स्युडोअॅन्युरिझम, म्हणजे फाटलेल्या धमनीतून बाहेर आलेल्या रक्ताचा फुगा. त्यावर रक्त पातळ करणारं औषध! सीटीत गोळीच्या बारीक तुकड्यांनी पांढरे पट्टे ओढले होते, तरी एक गोष्ट लपली नाही. ज्या क्षणी फक्त धमन्या उजळायला हव्यात, त्या क्षणी मांडीची शीरही उजळली होती. सर्जननी फिस्टुलावर दाब दिला आणि हृदयाचे ठोके मंदावले. ब्रॅनहॅम यांनी १८९० मध्ये गोळी लागलेल्या रुग्णातच नोंदवलेली ही खूण. भार हृदयापर्यंत पोचला होता. शस्त्रक्रिया झाली, पाय वाचला. सूज पूर्ण उतरली नाही.

म्हणून सगळ्यांना सीटीत घाला असं मी म्हणत नाही. तपासणीत काही खटकत नसेल आणि घोट्याच्या व दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर ०.९ किंवा जास्त असेल, तर अँजिओ सहसा लागत नाही. रेसिडेन्सीत मी हेच ठासून सांगायचे, आणि पहिल्या दिवसापुरतं ते आजही खरं मानते. पण फिस्टुला पहिल्या दिवशी दिसेलच असं नाही. मग तेव्हाची मी कशाच्या भरवशावर 'आता काळजी नाही' म्हणत होते?

फेरतपासणीला व्रणावर स्टेथो ठेवा, एवढंच मागते. घरघर ऐकू आली तर डॉपलर करा, आणि त्यानंतर मी अँजिओ मागितली तर 'कशाला' म्हणू नका.

काहीच ऐकू आलं नाही तरी काही महिन्यांनी प्रत्येकाचं डॉपलर करावं, असंही मला वाटतं. माझे सर्जन मित्र म्हणतात, त्या एका जवानामुळे तुला सगळीकडे फिस्टुला दिसतो. असेलही. पण किती महिने शांत गेले की निर्धास्त व्हायचं, हे तेही सांगत नाहीत.