एलेनोर बेटावरचा खड्डा

अलास्कातल्या व्हिटियर गावाला जायला डोंगरातून चार किलोमीटरचा बोगदा आहे. एकच मार्गिका, आणि रेल्वेही त्यातूनच जाते. त्यामुळे काही वेळ इकडच्या गाड्या सोडतात, काही वेळ तिकडच्या. टोल फक्त जाताना. गावात शिरायचे पैसे, सुटका फुकट! गाव बघितल्यावर हा हिशोब पटला. जवळपास सगळी वस्ती एकाच चौदा मजली इमारतीत राहते. पन्नासच्या दशकात ती लष्करानं बांधली. सोसायटीच्या वार्षिक सभेत तिथं काय होत असेल, कोण जाणे. मी अलिबागची, पावसाचं अप्रूप मला नाही. पण ऐन जूनमध्ये दातावर दात आपटायला लावणारा आडवा पाऊस इथंच भेटला.

भाचा अँकरेजला असतो. त्याच्या मनात हिमनद्यांची मोठी बोट होती. काचेची केबिन, गरम सूप, सोबत शेकडो माणसं. मला १९८९ ला फुटलेल्या टँकरचं तेल लागलं तो किनारा बघायचा होता. "अगं आत्या, पस्तीसेक वर्षं झाली त्याला. काय दिसणारे तिथं?" असं तीनदा म्हणून झाल्यावर त्यानं एक छोटी बोट ठरवली. भाड्याचे रुपये करून बघू नकोस, असं बजावलं. मी केले. तेवढ्यात मांडवा ते गेटवे वर्षभर लाँचनं ये-जा झाली असती.

बोटवाला सत्तरीचा, पूर्वी हेरिंग मासे पकडणारा. आता लोकांना फिरवतो, मधूनमधून शास्त्रज्ञांनाही नेतो. बोलणं बेताचं, कॉफी भयंकर. प्रिन्स विल्यम साउंड या बेटाबेटांच्या आखातामधून दोन-अडीच तासांनी आम्ही एलेनोर बेटाच्या एका खाडीत शिरलो, तेव्हा भाचा म्हणाला त्याप्रमाणे खरंच काही दिसत नव्हतं. पाण्यापर्यंत उतरलेलं सूचिपर्णी जंगल, गोट्यांचा किनारा, दगडांवर पिवळट तपकिरी शेवाळ. पाणी इतकं नितळ की तळाचे खडे मोजावेत. आपल्या किहीमच्या पुळणीवर पावसाळ्यात डांबराचे गोळे तरी पायाला चिकटतात. इथं तेही नाही.

२४ मार्च १९८९ च्या मध्यरात्रीनंतर लगेचच 'एक्झॉन वाल्डेझ' हा टँकर ब्लाय रीफ या खडकावर चढला. कोलंबिया हिमनदीचे तुटून आलेले बर्फाचे तुकडे चुकवायला त्यानं नेहमीचा मार्ग सोडला होता, आणि पुन्हा मार्गावर यायला वळण उशिरा घेतलं. चार कोटी लिटरहून जास्त कच्चं तेल पाण्यात गेलं आणि सुमारे २,१०० किलोमीटर किनाऱ्याला लागलं. हे मी घरून वाचूनच आले होते. वाचलेलं आणि समोरचं जुळत नव्हतं, त्यामुळे भाच्याच्या चेहऱ्यावर ते सुप्रसिद्ध 'सांगितलं होतं ना' उमटायला लागलं.

ओहोटी पुरती लागली. इथं भरती-ओहोटीत चार मीटरचा फरक पडतो. बोटवाल्यानं फावडं घेतलं, उघड्या पडलेल्या किनाऱ्याच्या साधारण मध्यावर गेला, मोठे गोटे एकेक उचलून शिस्तीत बाजूला मांडले आणि खणायला लागला. वर गोटे, खाली खडी, तिच्याखाली घट्ट गाळ. पहिला खड्डा कोरडा. दुसऱ्यात नुसतं पाणी. भाचा घड्याळ बघायला लागला. तिसऱ्यात वितीभर खाली गेल्यावर पाणी झिरपलं आणि त्यावर आधी इंद्रधनुषी तवंग पसरला. मग तपकिरी-काळे थेंब कडेनं वर यायला लागले. वास आला. गॅरेजचा, सरळ गॅरेजचा. जुना, विरलेला वगैरे काही नाही, परवा सांडल्यासारखा. मी बोट बुडवलं. ते चिकट होतं. "आत्या, हात नको लावूस!" हे भाच्यानं नेमकं त्यानंतर सांगितलं.

बराच वेळ आम्ही तिघं त्या खड्ड्याभोवती उकिडवे बसलो होतो.

२००१ साली सरकारी शास्त्रज्ञांनी या भागातल्या ९१ किनाऱ्यांवर असेच सुमारे नऊ हजार खड्डे खणले. जमिनीखाली अजून पन्नासहून जास्त टन तेल असावं, असा त्यांचा अंदाज निघाला. सगळ्यांची समजूत तोवर अशी होती की उरलंसुरलं तेल किनाऱ्याच्या वरच्या पट्ट्यात असेल आणि लाटा ते धुऊन नेतील. निघालं ते अपेक्षेपेक्षा खालच्या पट्ट्यात, जिथं तिसऱ्या, म्हणजे शिंपल्यातले जीव, असतात. जिथं तिसऱ्या, तिथं समुद्री पाणमांजर. ते त्यांच्यासाठी हेच करतं जे बोटवाला करत होता. खणतं.

गार पाण्यात तेल घट्ट होतं, हळू उडून जातं, ते खाणारे जिवाणूही संथ असतात, हे खरंच. पण एवढ्यानं ते इतकं टिकलं नसतं. मिशेल बूफादेल या अभियंत्याच्या गटानं इथंच मोजमाप करून दाखवलं की वरच्या खडीतून पाणी खेळतं, खालच्या घट्ट थरात जवळजवळ खेळत नाही. तेल एकदा त्या थरात शिरलं की त्याला प्राणवायू मिळत नाही, जिवाणूंना पोषण मिळत नाही. वर गोट्यांचं चिलखत, त्यामुळे वादळी लाटाही खालपर्यंत पोचत नाहीत.

आणि सफाई? १९८९ च्या उन्हाळ्यात हजारो माणसं कामाला लावून गोट्यांवर गरम पाण्याचे फवारे मारले. पाणी साठ अंशांपर्यंत तापलेलं, दाबही जबरदस्त. तेलातून वाचलेले शिंपले आणि शेवाळ त्या पाण्यानं शिजले. माझा पारा चढला तो इथं. टीव्हीवर चकचकीत दगड दाखवायचे होते, हे माझं मत. भाच्याला ते अन्यायाचं वाटतं. किनाऱ्याचे मुद्दाम न धुता सोडलेले तुकडे काही वर्षांत धुतलेल्यांच्या बरोबरीनं किंवा आधीच सावरले. नाइट बेटावरच्या अशाच एका न धुतलेल्या खडकाचा १९९० पासून दरवर्षी फोटो काढतात. एखाद्या वर्षी तो शेवाळानं भरलेला, एखाद्या वर्षी जवळजवळ बोडका. तेलाचा त्याच्याशी संबंध असेलच असं नाही. मग 'पूर्ववत झालं' म्हणायचं ते यातल्या कुठल्या फोटोसारखं झाल्यावर?

परतीच्या वाटेवर मी बोटवाल्याचं डोकं याच हिशोबानं खाल्लं. पक्ष्यांची ३५ हजारांवर प्रेतं हाती लागली, पण मेले अंदाजे अडीच लाख. हे कसं काढलं? तर बहुतेक मेलेले पक्षी बुडतात किंवा समुद्रात वाहून जातात. म्हणून काही प्रेतांवर खूण करून ती पुन्हा पाण्यात सोडली, किती किनाऱ्याला लागतात ते पाहिलं. पाणमांजरं अंदाजे २,८०० गेली. त्यांच्या कातडीखाली चरबीचा थर नसतो, ऊब सगळी दाट केसांत. तेलानं केस चिकटले की थंडी आत शिरते, आणि अंग चाटून साफ करताना तेल पोटात. त्यांची संख्या भरून आली असं जाहीर व्हायला पंचवीसेक वर्षं लागली.

सॅमन माशांची गोष्ट मला सगळ्यात चटका लावून गेली. विषारीपणा तपासायची जुनी रीत म्हणजे चार दिवसांत किती जीव मरतात ते बघणं. त्या मापानं थोडंसं जुनं तेल निरुपद्रवी ठरायचं. पण गुलाबी सॅमनची अंडी खडीत महिनोन् महिने राहतात. पाण्यात अब्जात काही भाग तेल असलं तरी गर्भांवर परिणाम होतो, पिल्लं बाहेर पडून समुद्रात गेली तरी परत कमी येतात. चार दिवस थांबणाऱ्याला ते कुठून कळणार?

हेरिंगबद्दल त्याला विचारावं की नाही, ते ठरत नव्हतं. तोच बोलला. गळतीच्या चार वर्षांनी, १९९३ ला हेरिंग कोसळली, आणि पूर्वीसारखी कधीच आली नाही. तेलामुळे, रोगामुळे की दोन्हींमुळे, यावर शास्त्रज्ञ आजही भांडतात. "कोर्टात 'कदाचित'चे पैसे मिळत नाहीत," एवढं म्हणून त्यानं आणखी कॉफी ओतली. मच्छीमारांच्या दाव्यात एक्झॉन कंपनीनं द्यायच्या दंडाच्या भरपाईची रक्कम ज्यूरीनं १९९४ ला पाचशे कोटी डॉलर ठरवली होती, २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती पन्नास कोटींच्या आसपास आणली. मधल्या काळात त्याचे कितीतरी सोबती वारले.

एका लांबच्या बेटाकडे हात करून त्यानं ओर्का देवमाशांच्या एका टोळीचं सांगितलं. शास्त्रज्ञ तिला 'एटी-१' म्हणतात. गळतीच्या वेळी बावीस, आता सात. १९८४ नंतर तिच्यात एकही पिल्लू जन्मलेलं नाही. ही टोळी संपणार हे सगळ्यांना माहीत आहे; फक्त मोजत राहायचं.

२०१० च्या ऑगस्टमध्ये मुंबईजवळ दोन जहाजं आदळून 'एमएससी चित्रा'तलं सुमारे आठशे टन तेल सांडलं, तेव्हा नारळी पौर्णिमा तोंडावर होती. कोळणींच्या पाट्या भरलेल्या राहायच्या, मासे कुणी घेईना. आपलं पाणी गरम, ऊन कडक, तेल लवकर विरतं असं तेव्हा ऐकलं होतं. उरणच्या तिवरांच्या चिखलात फावडं घेऊन कोण, किती वर्षं गेलं, हे आता शोधणार आहे.

निघताना बोटवाल्यानं तो खड्डा भरला होता, खडी आधी, गोटे वर, होते त्याच क्रमानं. "काढून का नाही टाकत?" मी विचारलं होतं. सगळा किनारा उलटापालटा केला तर आहेत ते जीवही जातील, म्हणून बहुतेक ठिकाणी तसाच ठेवलाय, म्हणाला. हे उत्तर बरोबर असावं. मला ते अजिबात आवडलेलं नाही.

बोगद्याची वेळ आमच्या डोळ्यांदेखत हुकली. पुढच्या पाळीपर्यंत गाडीत दशम्या खात भाच्याशी यावरच वाद घातला. दुसऱ्या दिवशी हिमनदीची मोठी बोट. सूप पातळ होतं, गर्दी फार.