स्थापना वर्षाचा रकाना

इस्राएलच्या नेगेव वाळवंटातल्या नेवातिम गावात म्हाताऱ्यांच्या आठवणींचं रेकॉर्डिंग करायचं तर निम्मं लक्ष आभाळाकडे ठेवावं लागतं. शेजारीच हवाई दलाचा तळ आहे. लढाऊ विमान उठलं की बोलणं पार बुडतं, आणि म्हातारी माणसं तेवढ्यात धागा सोडून देतात. म्हणून मी पंखा-फ्रिज बंद करते, रिकाम्या खोलीचा मिनिटभर आवाज घेते, विमान आलं की हात वर करते. ते गेलं की त्यांचंच शेवटचं वाक्य म्हणते, पुढचं त्यांनी सांगायचं. हे जमायला दोन वर्षं गेली. प्रश्नावल्या तयार करणारे कधी अशा खोलीत बसलेलेच नसतात.

त्यांचा पहिला रकाना : गावाचं स्थापना वर्ष. मी घरूनच 1946 लिहून नेलं होतं. त्या ऑक्टोबरात योम किपुर हा ज्यूंचा उपासाचा सण संपल्याच्या रात्री नेगेवमध्ये एकदम अकरा वसाहती उभ्या राहिल्या, त्यातली ही एक. नेवातिम म्हणजे कोंब.

ज्यांचं रेकॉर्डिंग होतं त्या आजींनी चष्मा लावून फॉर्म वाचला. "मोळे, हे खोड. आम्ही आलो तेव्हा गाव कुठे होतं?"

मोळे म्हणजे मल्याळममध्ये पोरी. मी दिमोना शहरातली बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातून आलेल्या ज्यूंपैकी, घरात मराठी; त्या केरळातल्या कोचीनच्या. आम्ही बोलतो हिब्रूत, पण हाक मारताना त्यांना हिब्रू पुरत नाही.

1948 च्या युद्धातल्या वेढ्यातून तगलेले पहिले रहिवासी पुढे निघून गेले. 1954 मध्ये कोचीनचे ज्यू आले, तेव्हा आजी दहा वर्षांच्या. हत्तीरोगाच्या भीतीने या लोकांची इस्राएलात येण्याची परवानगी काही वर्षं अडवून धरली होती. मिळाली तेव्हाही अनेकांना कोरड्या, ओसाड जागी धाडलं. वर्षाला 3000 मिलिमीटर पाऊस झेलणारी माणसं 200 मिलिमीटरच्या मुलखात आली. आजींचे वडील तिकडे अंडी विकायचे, कुदळ कधी धरली नव्हती. इथली माती पिठासारखी. पाऊस पडला की वर पापडी धरते, पाणी आत मुरत नाही. पुढे याच गावाने ग्रीनहाऊसमध्ये फुलं पिकवली.

"पहिला खड्डा खणला, तो संध्याकाळपर्यंत ढासळला," आजी म्हणाल्या. "अप्पन तिथेच बसून..." अप्पन म्हणजे वडील. आणि विमान आलं. त्यांचे ओठ मला दिसत होते : रडले. मी हात वर केला, मग वाक्य पुन्हा सुरू करून दिलं. आजी म्हणाल्या, "अप्पन दमले होते."

टेपवर 'दमले'च आहे. जे मी पाहिलं ते लिहायचा मला हक्क आहे का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

1946 वर त्यांनी स्वतः काट मारली आणि थरथरत्या हाताने 1954 लिहिलं. मी कंसात 1946 पुन्हा लिहिलं. वेढा सोसलेल्यांना मी कशी खोडणार? फॉर्म परत आला : एकच वर्ष द्या. तीन आठवडे तो माझ्या टेबलावर आहे.