डक्सफर्डची हँगरं आणि आपलं वळिवडे

भाचा इंग्लंडहून आलाय. आज दुपारी जेवणं झाल्यावर "मामा, हे बघा" म्हणत केंब्रिजजवळच्या डक्सफर्डचे फोटो दाखवत बसला. पहिल्या महायुद्धातला लष्करी विमानतळ, आता विमानांचं संग्रहालय. १९३८ साली ब्रिटिश हवाई दलात पहिली स्पिटफायर लढाऊ विमानं दाखल झाली ती इथंच, १९ नंबरच्या स्क्वाड्रनकडं, म्हणजे विमानांच्या तुकडीकडं. आवाजापेक्षा वेगानं उडणारं काँकॉर्ड हे प्रवासी विमानपण आहे तिथं, पण मी अडकलो जुन्या हँगरच्या, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडच्या, छतात. कमानीसारख्या वाकवलेल्या लाकडी कैच्या, म्हणजे छत पेलणारे सांगाडे, आडव्यातिडव्या पट्ट्या ठोकून केलेल्या. शंभर वर्षं झाली, छत अजून उभं आहे! धावपट्टीही चालू आहे, जुनी विमानं आजही तिथून उडतात.

१९४० च्या सप्टेंबरात पोलिश वैमानिकांचं ३०२ स्क्वाड्रन इथून लढलं, हे तो सांगायला लागला आणि मला एकदम कोल्हापूरजवळचं वळिवडे आठवलं. १९४३ ते १९४८, जवळपास पाच हजार पोलिश निर्वासित तिथं आपल्या पंचगंगेकाठी छावणीत राहत होते. बहुतेक बायका आणि मुलं. तिकडं त्यांचे देशबांधव आकाशात लढत होते आणि इकडं कोल्हापूर संस्थानानं त्यांच्या माणसांना थारा दिला. मला याचा फार अभिमान वाटतो.

आपला उजळाईवाडीचा विमानतळसुद्धा राजाराम महाराजांच्या काळातला, १९३९ चा. त्याचा इतिहास मांडणारं एखादं दालन कोल्हापुरात व्हायलाच पाहिजे. कुणाच्या घरी त्या विमानतळाचे किंवा छावणीचे जुने फोटो असतील तर कमेंटमध्ये जरूर टाका.