तुम्ही विचारलंत म्हणून: देणग्या मागणाऱ्यांना वेगळा गट कशाला?

मंडळाच्या गणपतीत हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारतंच. शिकागोच्या लिटल व्हिलेज या मेक्सिकन वस्तीतल्या एका छोट्या संस्थेसाठी मी देणग्या जमवते. तिथल्या लॅटिनो, म्हणजे मूळच्या लॅटिन अमेरिकेतल्या लोकांच्या, संस्थांसाठी हेच काम करणारे आम्ही आठ-दहा जण महिन्यातल्या एका गुरुवारी सकाळी भेटतो. लोक म्हणतात, पैसेच मागायचे ना, मग त्याला वेगळा गट कशाला?

कारण मोठी देणगी नुसत्या अर्जावर क्वचितच मिळते, ती ओळखीवर मिळते. अर्ज पोचायच्या आधी देणग्या देणाऱ्या फाउंडेशनमधल्या माणसाला कुणीतरी ‘यांचं काम बघाच’ असं सांगितलेलं असतं. ज्यांच्या आईवडिलांचा जन्म कारखान्यात नाहीतर हॉटेलच्या भटारखान्यात राबण्यात गेला, त्यांच्यासाठी असा शब्द टाकणारं कुणी नसतं. अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत लॅटिनो लोक सहा कोटींच्या वर, देशाच्या जवळजवळ १९ टक्के. फाउंडेशनांच्या पैशातला त्यांच्या वाट्याला येणारा हिस्सा मात्र वर्षानुवर्षं एक-सव्वा टक्क्याच्या आसपास. फाउंडेशनांचा पैसा लॅटिनोंपर्यंत पोचावा म्हणून १९८३ मध्ये ‘हिस्पॅनिक्स इन फिलॅन्थ्रपी’ ही संस्था उभी राहिली. आमचा गट त्यापुढे अगदीच लहान. २६व्या रस्त्यावरच्या एका बेकरीच्या मागच्या खोलीत मावणारा.

मागच्या खेपेला आमच्यातल्या एकीला दुसऱ्या दिवशी देणगीदाराकडे जायचं होतं. आम्ही तिला आकडा मोठ्याने म्हणायला लावला. पन्नास हजार डॉलर. आकडा सांगितला की गप्प बसायचं आणि समोरच्याला विचार करू द्यायचा, हा या कामातला पहिला धडा. तिला तेच जमेना. दर वेळी शेवटी ‘किंवा तुम्हाला जमेल तेवढे’ असं जोडायची. आई लोकांच्या घरची साफसफाई करायची आणि ठरलेली मजुरी मागतानाही तिची मान खाली असायची, हे तिने तेव्हा सांगितलं. पाचव्यांदा ती आकडा म्हणाली आणि थांबली. टेबलावर कोंचा होते, वर साखरेची शिंपल्यासारखी नक्षी असलेले गोड पाव. कुणी हात लावला नाही.

पगाराचे आकडेही तिथे उघडपणे सांगतो. शेजारच्या संस्थेत याच कामाला किती देतात हे कळल्याशिवाय वाढ मागणार कशी? शिवाय स्पॅनिश येतं म्हणून दुभाष्याचं काम फुकटात गळ्यात पडतं, ते नाकारायचं कसं, हेही तिथेच शिकायला मिळतं.

आणि ‘लॅटिनो लोक देत नाहीत’ हे ऐकलं की मला फार लागतं. त्यांची तांदा म्हणजे हुबेहूब आपली भिशी. दर महिन्याला गावी आईला पैसे जातात, शेजाऱ्याच्या अंत्यविधीसाठी बायका तामाले, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले पदार्थ, विकून खर्च उभा करतात. देणगीदारांच्या कुठल्याच यादीत हे येत नाही. १९६२ मध्ये सेसार चावेस आणि डोलोरेस वेर्ता या लॅटिनो कामगार नेत्यांनी अमेरिकेत शेतमजुरांची संघटना काढली, तेव्हा महिन्याची वर्गणी साडेतीन डॉलर होती, आणि ती भरणारे शेतमजूरच होते.

त्या मैत्रिणीचा दुसऱ्या दिवशी दुपारी मेसेज आला: आकडा सांगितला, मी गप्प बसले, त्यांनी विचार करायला वेळ मागितलाय. अजून उत्तर आलेलं नाही. येत्या गुरुवारी आम्ही भेटतोय.