ठिपक्यांचा कारभार

पेनाने नुसते ठिपके देत चित्र काढायला बसलं की सुरुवातीला जीव अगदी कंटाळून जातो. कागदावर मिरपूड सांडल्यासारखं काहीतरी दिसतं. याचा गुळगुळीत गोटा होणार, यावर आपलाच विश्वास बसत नाही. पण हात चालू ठेवावा. एका बाजूला ठिपके दाटतात, दुसरीकडे विरळ होतात आणि बघता बघता कागद तिथे फुगीर वाटायला लागतो. बाह्यरेषा काढलेलीच नसते, तरी कडा दिसते.

गंमत म्हणजे यात करडा रंग कुठेच नाही. शाई सगळीकडे तीच, काळीभोर. गडद-फिकट ठरतं ते ठिपक्यांमधल्या पांढऱ्या जागेवरून. पोतही तिथूनच येतो. गोट्यासाठी ठिपके एकाच मापाचे हवेत आणि त्यांची गर्दी हळूहळू ओसरायला हवी. शेजारी खडबडीत दगड काढायचा, तर तेच ठिपके घोळक्याने द्यायचे, मध्येच खळगा कोरा सोडायचा, एखादा ठिपका मुद्दाम जाड करायचा. रांग मात्र होऊ द्यायची नाही. चार ठिपके ओळीत आले की डोळा लगेच त्यांची रेघ ओढतो आणि दगडावर अळ्या वळवळायला लागतात. घाईही इथे लपत नाही. पेन उचलण्याआधी हात सरकला की ठिपक्याला शेपूट फुटलंच!

रंगांचे ठिपके म्हटलं की फ्रेंच चित्रकार जॉर्ज सुरा आठवतो. पॅरिसजवळच्या ग्रांद जात बेटावरच्या रविवारचं त्याचं चित्र १८८४ ते १८८६ या काळातलं, दोन मीटरहून उंच आणि तीन मीटरहून रुंद. रंग एकमेकांत कालवून टाकण्यापेक्षा शेजारी शेजारी ठेवायचे, मिसळायचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवायचं, असा त्याचा बेत. त्यामागे शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाचं १८३९ मधलं पुस्तक होतं. विणकामातला काळा धागा फिका दिसतो, या तक्रारीचा माग काढताना शेव्रलला कळलं होतं, की दोष धाग्याच्या रंगात नाही, शेजाऱ्यात आहे. सुराचं दुर्दैव एवढंच, की त्याने वापरलेला जस्ताचा पिवळा रंग पुढे तपकिरी पडला आणि उन्हातल्या हिरवळीचं तेज कमी झालं. सिद्धांत टिकला, रंगाने दगा दिला.

छापील फोटो भिंगाखाली धरला तर तिथेही निळ्या, किरमिजी, पिवळ्या, काळ्या ठिपक्यांचाच बाजार. पण तो यंत्राचा, शिस्तीत मांडलेला. हाताच्या ठिपक्यांत थोडी बेशिस्त असते, म्हणून मला ते जास्त आवडतात. चित्राखाली ‘एकूण इतके लाख ठिपके’ असं कोणी अभिमानाने लिहिलेलं दिसलं, की मात्र वैताग येतो. मोजत बसलात, मग बघितलंत कधी?

शाईचा ठिपका वाढवता येतो, खोडता येत नाही. म्हणून गडद जागा सावकाश भरत न्यायच्या आणि उजेडाच्या जागी पेन न्यायचंच नाही, हे पक्कं ठाऊक असतं. तरी ‘एकच देतो’ म्हणत हात तिकडे जातोच.