खुंटीचा सांधा

निलंगा तालुक्यातल्या एका गावात जुनं माळवद, म्हणजे लाकडी सांगाड्यावर मातीचं सपाट छत असलेलं घर, उतरवून स्लॅबचं घर बांधायचं ठरलं. माळवदातलं सागवान नव्या घराची दारं आणि देवघर यांना लावायचं, ही घरमालक काकांची अट होती. लाकूड उतरवताना सुतार समोर असलेला बरा, म्हणून मी लातूरहून गेलो.

आधी छतावरची पांढरी माती काढली. पावसाळ्याच्या तोंडावर वर्षानुवर्षं थर चढवलेले, त्यामुळे जाडी हात-दीड हात. हे सगळं ओझं खांब आणि त्यांच्यावरच्या आडव्या तुळयांवर. काका पारावरून बघत होते. म्हणाले, "अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून निजलो होतो. पहाटं घर हललं. भित्ताडं पडली की सगळी, पर खण जागचा हलला नाही. आमी त्याच्याखालीच वाचलो." खण म्हणजे खांब आणि तुळयांनी बांधलेला घराचा भाग.

30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप. त्या पट्ट्यात दगड-मातीच्या जाड भिंतींनी कितीतरी माणसं गाडली. पण छताचा भार लाकडी खांबांवर असलेली काही घरं भिंती गेल्यावरही उभी राहिली. हे ऐकून माहीत होतं. त्या दिवशी त्याचं कारण हातात आलं.

खांबाच्या माथ्याचं कुसू, म्हणजे कोरून काढलेलं अरुंद टोक, तुळईच्या भोकात बसवलेलं आणि आरपार लाकडी खुंटी. सांध्यात लोखंडाचा खिळा नाही. खुंटी ठोकून काढली, पहारीनं तुळई जरा उचलली आणि सांधा सुटला. कुसवाच्या दोन्ही बाजू घासून गुळगुळीत झाल्या होत्या. म्हणजे सांधा हलला होता, पण निसटला नव्हता. कोण्या गावच्या सुतारानं हे केलं, काकांनाही ठाऊक नाही. मी कितीतरी वेळ ते कुसू अंगठ्यानं चाचपत होतो. असा सांधा माझ्या हातून व्हावा असं फार वाटलं.

तुळया सॉ मिलवर नेल्या. आधी चुंबक फिरवून कड्या आणि खिळे उपटले, नाहीतर पातं जातं. वरून धुरानं काळी पडलेली तुळई चिरली तर आत मधाच्या रंगाचं लाकूड निघालं आणि सागवानाच्या तेलाचा वास शेडभर पसरला.

दारांचं काम चालू असताना काकांचा पुण्याचा मुलगा आला. दाराच्या चौकटीतली मधली फळी, म्हणजे पॅनेल, त्यानं दाबून बघितलं. "मिस्त्री, हे हलतंय. फेविकॉल लावून पक्कं करा ना."

मी त्याला ते घासलेलं कुसू दाखवलं: हललं, पण निसटलं नाही. म्हटलं, लाकूड लांबीला जवळजवळ वाढत नाही, रुंदीला मात्र फुगतं आणि आक्रसतं. शंभर वर्षांचं झालं तरी ही सवय सुटत नाही. आपल्याकडचा मे कोरडा ठणठणीत, ऑगस्टात हवा ओली. सव्वा फुटाच्या पॅनेलला तेवढ्यात तीन-चार मिलिमीटरचा फरक पडू शकतो. चारही बाजूंनी चिकटवलं, तर एकतर पॅनेल तडकेल, नाहीतर चौकटीचे सांधे उघडतील. म्हणून कडेच्या खाचेत मोकळी जागा सोडायची आणि वर-खाली फक्त मध्यावर एकेक पिन मारायची, म्हणजे पॅनेल दोन्हीकडं सारखं सरकतं.

"मग उन्हाळ्यात कडेला फट नाही दिसणार?" त्यानं विचारलं. प्रश्न बरोबर होता. फट नाही, पण पॉलिश न लागलेल्या कोऱ्या लाकडाची पांढुरकी रेघ दिसते. त्यासाठी पॅनेल चौकटीत बसवायच्या आधीच कडांसकट पॉलिश करायचं. वेळ जास्त जातो, मजुरी वाढते, म्हणून पुष्कळ ठिकाणी हे टाळतात. मी टाळत नाही.

काकांनी मुलाकडं बघितलं. "मिस्त्री म्हणतेत तसं होऊ दे."

कपाटांच्या आत मात्र मीच प्लाय सुचवला. रुंद फळीला तिथं तो बरा, वाकत नाही. सागवान दारांना, देवघराला आणि काकांनी मागाहून सांगितलेल्या झोपाळ्याच्या पाटाला पुरलं.