विंडोज १० गेलं म्हणून लॅपटॉप भंगारात देऊ नका

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हापासून नातेवाईक, सोसायटीतले लोक, जुने कलीग सगळे मला एकच विचारतायत, की लॅपटॉप तर मस्त चाललाय पण स्क्रीनवर येतं की हा पीसी विंडोज ११ ला चालणार नाही, आणि दुकानदार म्हणतो नवीनच घ्या, मग काय करू? माझं उत्तर सरळ आहे, घेऊ नका. म्हणजे पैसे जास्त झाले असतील तर खुशाल घ्या, पण मशीन बिघडलंय म्हणून घेऊ नका कारण ते बिघडलेलंच नाहीये.

भानगड काय आहे तर विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, सिक्युअर बूट लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर आठव्या जनरेशनचा किंवा त्याच्या पुढचा लागतो. आठवी जनरेशन आली २०१७ मध्ये. त्याच्या आधीचा सातव्या जनरेशनचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅमवाला, ज्याच्यावर एक्सेल, झूम, यूट्यूब झकास चालतं, तो मायक्रोसॉफ्टच्या लेखी रिटायर्ड. टीपीएमचं कारण खोटं नाहीये हां, डिस्क एन्क्रिप्ट केली तर तिची किल्ली त्या चिपमध्ये राहते, बूट होताना कोणी मध्ये लुडबुड केली तर कळतं, ऑफिसच्या लॅपटॉपला हे हवंच. पण घरी बसून लाईट बिल भरणाऱ्या आणि नातवाशी व्हिडिओ कॉल करणाऱ्या माणसाने त्यासाठी चाळीस-पन्नास हजार घालवायचे हे काही मला पटत नाही.

आणि घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टनेच ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट्सची सोय ठेवलीये, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की फुकटात मिळते, विंडोज अपडेटच्याच पानावर लिंक दिसते. हे दुकानदार सांगत नाही. का सांगेल?

अपडेट नसलं तर काय बिघडतं, असं विचारणारेही आहेत. मे २०१७ मधलं वॉनाक्राय आठवा, फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारं ते, जगभरातली हॉस्पिटलं आणि कंपन्या एका दिवसात आडव्या झाल्या, आणि गंमत म्हणजे ज्या भोकातून ते शिरलं त्याचा पॅच, म्हणजे ते बुजवणारं अपडेट, मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. दोन महिने लोकांनी 'रिमाइंड मी लेटर' दाबलं. एक्सपीचा सपोर्ट तर २०१४ लाच संपलेला, तरी शेवटी त्यालाही खास पॅच काढावा लागला एवढी मशीन अजून एक्सपीवर होती.

तर जुन्या मशीनवर मी काय करतो, आधी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे चिपवाली वेगवान डिस्क टाकायची, सगळ्यात मोठा फरक त्यानेच पडतो, आणि मग लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट्स आहेत, स्टार्ट मेन्यू डाव्या कोपऱ्यात, घड्याळ उजव्या कोपऱ्यात, त्यामुळे माणूस बिचकत नाही. पेन ड्राइव्हवरून आधी नुसतं चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता. वायफाय पकडतंय का, आवाज येतोय का, प्रिंटर दिसतोय का एवढं बघायचं आणि मगच इन्स्टॉल करायचं. मराठी टायपिंग सेटिंगमधूनच मिळतं, इनस्क्रिप्टवाल्यांना तर काहीच वेगळं करावं लागत नाही. आमच्या मावशीला अजून माहीत नाहीये की तिच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, ती म्हणते "तू फॉरमॅट मारून दिल्यापासून फास्ट झालाय बघ".

पण लिनक्स सगळ्यांसाठी, असं जे म्हणतात ना त्यांनी एकदा सदाशिव पेठेतल्या कुठल्यातरी डीटीपीच्या दुकानात जाऊन बसावं. पेजमेकर, त्यात श्रीलिपीचे फॉन्ट, मशीनला लावलेलं लायसन्सचं डोंगल, आणि वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंकांच्या फाईली. या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर मराठी आकार बसवलेले असतात, म्हणजे फॉन्ट काढला की 'चि. सौ. कां.' च्या जागी नुसता अगम्य कचरा दिसतो, आणि आता सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करायला गेलं की कुठेतरी रफार पळतो, कुठे जोडाक्षर फुटतं, मग परत सगळं प्रूफ वाचा. अशाच एका दुकानातल्या काकांना मी म्हटलं काका विंडोज सेव्हन आहे हो हे, धोका आहे. ते म्हणाले, "नेटची वायरच काढून टाकलीय. फाईल पेन ड्राइव्हवरून शेजारच्या मशीनला नेतो, तिथून व्हॉट्सअप करतो." मला यावर बोलायला काही उरलं नाही, खरं सांगायचं तर अनेक आयटी कंपन्यांपेक्षा हा सेटअप जास्त विचार करून केलेला आहे. (पेन ड्राइव्हवरून व्हायरस येऊ शकतो हे मान्य, पण तिथे बँकेचं काहीच नाहीये, आणि फाईलींची कॉपी दुसऱ्या डिस्कवर आहे.) सीए लोकांचंही तसंच, टॅली आणि डिजिटल सिग्नेचरचं टोकन हे विंडोजवरच सुखाने चालतं, त्यांना लिनक्स गळ्यात मारणं म्हणजे मार्च महिन्यात शिव्या खाणं.

आता आमच्याच लिनक्सवाल्या जमातीबद्दल. लिनक्समध्ये व्हायरस येत नाही हे वाक्य मी कॉलेजात असल्यापासून ऐकतोय आणि आता ते ऐकलं की डोकं फिरतं. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या फाईल कॉम्प्रेस करणाऱ्या छोट्या लायब्ररीत बॅकडोअर, म्हणजे आत शिरायचा चोरदरवाजा सापडला, 'जिया टॅन' नावाच्या कोणीतरी दोनेक वर्षं गोड बोलून, चांगलं काम करून विश्वास कमावला, मेंटेनर, म्हणजे तो कोड सांभाळणारा झाला आणि मग घाण घातली. सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनियरला एसएसएच लॉगिन, म्हणजे दुसऱ्या मशीनवर लांबून करायचं लॉगिन, अर्धा सेकंद उशिरा होतंय असं वाटलं म्हणून त्याने खोदलं. अर्धा सेकंद! आणि तो नोकरीला कुठे, तर मायक्रोसॉफ्टमध्ये. कोड उघडा होता म्हणून तो खोदू शकला हेही तितकंच खरं, त्यामुळे मी अजूनही ओपन सोर्सच्याच बाजूने आहे, पण नशिबाचा भाग मोठा होता हे मान्य करायला काय जातंय.

शिवाय अँड्रॉइड म्हणजे आत लिनक्सच की. आणि आज पुण्यात लोकांचे पैसे जातायत ते कॉम्प्युटरपेक्षा फोनमधूनच जास्त जातायत. एपीके, म्हणजे अँड्रॉइडवर नवं ॲप टाकणाऱ्या फाईलचा प्रकार तुम्ही ऐकला असेलच, व्हॉट्सअपवर येते, नाव असतं 'लग्नपत्रिका' किंवा 'आरटीओ चलान' किंवा गॅसचं बिल थकलंय म्हणून. एकदा शेजारच्या काकूंनी उघडायच्या आधी मला दाखवली म्हणून नीट बघायला मिळाली. मी एका जुन्या, सिमकार्ड नसलेल्या फोनवर टाकून बघितली. आधी फोन स्वतः सांगतो की अनोळखी ठिकाणचं ॲप आहे, परवानगी देऊ का, तिथे हो म्हणावं लागतं. मग ॲप म्हणतं एसएमएस वाचू द्या, हो. नोटिफिकेशन बघू द्या, हो. मग ॲक्सेसिबिलिटी मागतं, म्हणजे तुमच्या स्क्रीनवर काय दिसतंय ते वाचायचं आणि तुमच्या वतीने बटणं दाबायची मुभा, तीही हो. मग आयकॉन गायब आणि स्क्रीनवर पत्रिका वगैरे काही नाही. इथे ऑपरेटिंग सिस्टीम कुठेच चुकली नाही हो, तिने प्रत्येक पायरीवर विचारलं. पण आपण इतकी वर्षं सगळीकडे 'अलाऊ' दाबत आलोय की वाचायची सवयच गेलीये. विंडोज भारी की लिनक्स भारी यावर आम्ही रात्र रात्र भांडतो आणि कुठल्या ॲपला काय परवानगी दिलीय हे स्वतःच्या घरच्यांच्या फोनमध्ये कधी बघत नाही. काकूंना मी एवढंच सांगितलं, पत्रिका फोटो असते नाहीतर पीडीएफ, ॲप नसते. आणि पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन लावा, जितका उशीर तितके पैसे पुढे पुढे सरकतात.

अँटिव्हायरस कुठला टाकू, हा प्रश्न पुण्यात जरा जास्तच येतो, क्विक हील इथलंच ना. फ्लॉपी आणि सायबर कॅफेच्या काळात ते लागायचंच. आता घरच्या विंडोजला त्याच्यातला डिफेंडर पुरतो असं माझं मत आहे, पण अट एक, विंडोज क्रॅक करून टाकलेलं नसावं. ज्या ॲक्टिव्हेटरला चालवण्यासाठी आधी डिफेंडर बंद करायला सांगतात त्याने आत अजून काय टाकलं हे देवाला माहीत. आणि रोजच्या वापराचं अकाउंट ॲडमिनचं ठेवू नका.

ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन टाका. क्रोमने नियम बदलल्यामुळे ते तिथे पूर्वीसारखं चालत नाही, फायरफॉक्सवर चालतं. हे मी जाहिरातींचा वैताग म्हणून सांगत नाहीये, सर्चमध्ये कस्टमर केअरचा नंबर शोधला की वर जी स्पॉन्सर्ड लिंक येते तिथूनच बरेच घोटाळे सुरू होतात. बँकेच्या साईटचा पत्ता बघायची सवय लावा, रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना डॉट बँक डॉट इन वर जायला लावलंय, ते शेपूट नसेल तर थांबायचं. पासवर्ड साठवायला बिटवॉर्डन किंवा कीपास, यावर चर्चा नाही. इंटरनेट गुप्त करून देतो म्हणणाऱ्या व्हीपीएनच्या जाहिरातींना भुलू नका, कॅफेतल्या वायफायवर तुमची बँक आधीच एचटीटीपीएसवर, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीवर असते.

एक गोष्ट मात्र कोणीच विचारत नाही, सोसायटीच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर. तोही बहुतेक लिनक्सवरच चालतो बरं का. २०१६ मध्ये मिराय नावाच्या बॉटनेटने (म्हणजे ताब्यात घेतलेल्या मशीनच्या फौजेने) असेच कॅमेरे आणि डीव्हीआर फॅक्टरीतून आलेले पासवर्ड वापरून पकडले आणि त्यांच्या जोरावर ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास ठप्प केलं होतं. आमच्या इथला पासवर्ड वॉचमनच्या केबिनमध्ये कागदावर लिहून चिकटवलाय, एक ते सहा आकडे ओळीने. बदलू म्हटलं तर सेक्रेटरी म्हणाले, मीटिंगमध्ये विषय घेऊ. विषय घेतला, टाकी साफ करण्याच्या नंतर होता, आणि टाकीवरच साडेदहा वाजले.